भैरवगढच्या खुंटीवरचा चंग

बेल्जियममधलं हिप-हॉप मुळात उज्जैनला सुरू झालं आणि ते आमच्या मामांनी सुरू केलं, असं मी छातीठोकपणे सांगते. माझी नात ब्रुसेल्सला शिकते आणि तिला या विषयातलं माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त कळतं. ती यावर नुसतं 'आजी, प्लीज' म्हणते. पण मी तिथे लेकीकडे तीन महिने राहायला गेले होते तेव्हा तीच मला हाताला धरून तिथल्या स्टेशनाजवळच्या एका छपराच्या गल्लीत घेऊन गेली. खाली गुळगुळीत फरशी, तिच्यावर पुठ्ठा अंथरलेला आणि त्या पुठ्ठ्यावर एक धडधाकट मुलगा डोकं टेकून गरगर फिरत होता. मग दोन पोरं समोरासमोर उभी राहिली. तिसऱ्याने तोंडानेच ठेका धरला आणि त्या दोघांनी एकमेकांची यमकांतून अशी काही उणीदुणी काढायला सुरुवात केली की भोवतीचे पन्नासेक लोक उड्या मारायला लागले. नात मला कानात सगळं समजावून सांगत होती. अमेरिकेतून तबकड्या आल्या, सिनेमे आले, ते बघून इथली पोरं नादावली. त्यात मोरोक्कोहून नि काँगोहून खाणींत, कारखान्यांत कामाला आलेल्यांची मुलं पुष्कळ. आधी सगळे इंग्रजीत म्हणायचे, ते बऱ्याच जणांना धड येत नव्हतं तरी. मग फ्रेंचमध्ये म्हणू लागले. मग उत्तरेकडची फ्लेमिश मुलं म्हणाली, आमच्या आजीच्या बोलीत का नको? तर लोक हसले, असल्या खेडवळ बोलीत कुठे हे जमतं का म्हणाले, आणि आता त्याच बोलीतल्या कॅसेटी दुकानात मिळतात. शिवाय ही मुलं आपली नावं रंगाने भिंतींवर लिहीत सुटतात. हे सगळं ऐकून मी तिला म्हटलं, 'अगं, हे तर आमचे मामा.' यातलं डोक्यावर गरगर फिरणं तेवढं मामांना जमलं नाही, कारण त्यांना संधिवात होता.

मामा म्हणजे माझ्या यजमानांचे मामा, माझे मामेसासरे. घराणं दोनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा सरदाराबरोबर दौत-लेखणी घेऊन माळव्यात आलेलं, आणि तेव्हापासून त्या घरातल्या प्रत्येक पुरुषाने कुठल्या ना कुठल्या कचेरीत कारकुनी केली. मामाही जमाबंदीच्या कचेरीत होते. मी साताऱ्याहून लग्न होऊन उज्जैनला आले तेव्हा देश स्वतंत्र होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. फ्रीगंजमधल्या आमच्या घरात खाली आम्ही आणि वर मामा-मामी. पहिल्याच सकाळी वरून बादली बडवल्याचा आवाज यायला लागला. मला वाटलं कोणी अडकलंय. मी धावत जिना चढले तर मामी शांतपणे गहू निवडत बसलेल्या. 'काही नाही ग, नहाऊन राहिलेत,' त्या म्हणाल्या. मामांना कोणतीही पालथी वस्तू दिसली की तिच्यावर ठेका धरल्याशिवाय राहवत नसे. बादली, तपेली, पापडाचा डबा, टांग्याचा दांडा, जेवणाच्या पंगतीत शेजारच्याची पाठ. आमचे हे लहान असताना मामांच्या मांडीवर बसत नसत, आणि आपल्या डोक्यावर दोन जागी केस विरळ आहेत ते त्या ठेक्यामुळेच, असं त्यांनी मला लग्नानंतर आठवडाभरातच सांगून टाकलं होतं.

मामा यमकाशिवाय बोलत नसत असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. झोपेत, आणि अगदी मनापासून काही सांगायचं असलं की, ते साधं बोलत. बाकी भाजीवालीपासून कलेक्टरापर्यंत कोणालाही त्यांनी जोडीला जोड देऊनच उत्तर दिलं. न्हाणीघराच्या चुनकळीच्या भिंतींवर कोळशाने शब्दांच्या याद्या लिहिलेल्या असत. एका भिंतीवर 'पाणी, वाणी, घाणी, राणी', दुसरीवर 'घाट, वाट, खाट, थाट', आणि मोरीच्या वर, जिथे पाणी उडून अक्षरं पुसायची, तिथे 'ळ'ची यादी, कारण ती कधीच पुरी व्हायची नाही. दिवाळीला घराला चुना लावायचा म्हटलं की मामांचा चेहरा उतरे. मामी दर वर्षी आधी सगळी भिंत वहीत उतरवून घेत आणि मगच रंगाऱ्याला आत सोडत. कचेरीतसुद्धा तेच. एकदा पावसाळ्यात कचेरीचं छप्पर गळायला लागलं, तर मामांनी वरच्या कार्यालयाला जी टिप्पणी पाठवली ती अशी:

'टपके छत तो भीगे नक्शा, भीगे नक्शा तो मिटे जमीन;
मिटी जमीन तो रोवे खातेदार, हुजूर भेजें खपरा गाड़ी तीन.'

त्या काळी आमच्या मध्यभारत राज्याची राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला असे. फाइल ग्वाल्हेरला पोचली तेव्हा साहेब लोक इंदूरला निघाले होते, इंदूरला पोचली तेव्हा ते ग्वाल्हेरला परतले होते. शेवटी पुढचा पावसाळा लागता लागता ती परत आली आणि तिच्यावर कुणा वरिष्ठाने लाल शाईत लिहिलेलं होतं, 'अंतिम पंक्ति मात्रा में लंबी. खपरैल स्वीकृत.' कचेरीला कौलं मिळाली म्हणून सगळ्यांनी पेढे खाल्ले. मामा मात्र दोन दिवस जेवले नाहीत. ती शेवटची ओळ लांब आहे हे त्यांनाही कळत होतं, आणि ग्वाल्हेरला ते कोणाला तरी कळलं याचं त्यांना दुःख होतं.

आता या सगळ्या वेडामागचं मूळ सांगायला हवं. माळव्यात तुर्रा आणि कलगी असे गाणाऱ्यांचे दोन पक्ष फार जुन्या काळापासून आहेत. आपल्याकडच्या कलगी-तुऱ्यासारखंच. रंगपंचमीला दुपारी रंग खेळून लोक न्हाऊन-धुऊन आले की चौकात दंगल, म्हणजे गाण्याची झुंज, बसायची. एका बाजूला तुर्रावाले, दुसऱ्या बाजूला कलगीवाले. एकाने गाऊन सवाल टाकायचा, दुसऱ्याने त्याच चालीत जवाब द्यायचा. चंग म्हणजे मोठा डफ, त्याच्यावर ठेक्याची तीन आवर्तनं होईपर्यंत जवाब आला नाही तर हार. आणि हरणाऱ्याने आपला चंग जिंकणाऱ्याच्या हवाली करायचा. तो चंग जिंकणाऱ्याच्या घरी खुंटीवर टांगला जाई. पुढच्या रंगपंचमीला त्याच माणसाला हरवलं तर सोडवून आणायचा, नाहीतर आणखी वर्षभर तो तिथेच.

मामा कलगीवाले. त्यांचा गुरू म्हणजे पेढे करणारा एक म्हातारा हलवाई. मरताना त्याने स्वतःचा चंग मामांच्या हातात दिला होता. बकऱ्याच्या कातड्याचा, कडेला पितळी खिळे मारलेला, मध्यभागी हलवायाच्या बोटांनी काळा पडलेला तो चंग मामांनी स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच रंगपंचमीला घालवला. समोर होते तुर्राचे उस्ताद, भैरवगढचे मुसलमान छिपा, म्हणजे कापडावर ठशांनी छपाई करणारे. मामा तेव्हा असं समजत की गंभीर काव्य फक्त शुद्ध मराठीतच होऊ शकतं. त्यांनी उभं राहून साजूक मराठीत, संस्कृतातले जोडशब्द पेरून, माया आणि ब्रह्म यांच्यावर एक अत्यंत बिनचूक सवाल टाकला आणि ते जवाबाची वाट बघत थांबले. लोक सवालाची वाट बघत थांबले. सगळ्यांना वाटलं, मामा आधी देवाचं स्तवन करतायत, सवाल पुढे येणार आहे. चंग वाजतोय, मामा मिशीत हसतायत, उस्ताद मान डोलावतायत आणि चौक गप्प. तीन आवर्तनं झाली, सहा झाली. मामा विजयाने हात वर करणार इतक्यात उस्तादांनी अगदी अदबीने विचारलं, 'बाबू साब, यो सवाल थो के दरखास?' हा सवाल होता की अर्ज! चौकात जो हशा पिकला तो मामी सांगत त्याप्रमाणे क्षिप्रेच्या पलीकडे ऐकू गेला. पंच म्हणून बसलेल्या धान्याच्या अडत्याने निकाल दिला, 'जिसका सवाल ही समझ में नी आवे, उसका जवाब कोण दे? चंग उतारो.' हलवायाचा चंग त्या संध्याकाळी भैरवगढला गेला.

त्या दिवसापासून मामांच्या आयुष्याला एकच काम उरलं. चंग सोडवून आणणे. 'चंग बांधणं' आपल्याकडे सगळेच ऐकतात, सोडवण्यासाठी जन्म घालवणारा माणूस मी हा एकच पाहिला. त्यांनी शपथ घेतली की तो चंग परत येईपर्यंत दुसऱ्या चंगाला हात लावणार नाही, आणि पुढच्या वर्षापासून ते दंगलीला मामींची पितळी परात घेऊन जाऊ लागले. रंगपंचमीच्या दिवशी आमच्या घरी पुऱ्यांची कणीक तपेल्यात भिजे. मामींनी याबद्दल कधी तक्रार केली नाही, फक्त दर वर्षी परातीत नवा पोचा कुठे पडला ते त्या बोट फिरवून बघत आणि 'यंदा जोरात झालेली दिसते' एवढंच म्हणत.

चंगाला उंदीर तर लागले नाहीत ना, कातडं ढिलं तर पडलं नाही ना, हे बघायला मामा दर रविवारी सायकल मारत भैरवगढला जायला लागले. काळ तसा बरा नव्हता. फाळणीच्या बातम्यांनी माणसं बिथरलेली होती, आणि आमच्या आळीतल्या एक-दोघांनी मामांना 'तिकडे सध्या नका जाऊ' असं सांगूनही पाहिलं. 'पण माझा चंग तिथे आहे ना,' असं म्हणून मामा सायकलवर बसले. उस्तादांनी त्यांना चंग दाखवला, चहा पाजला आणि शेवटी म्हणाले, 'बाबू साब, बुरो नी मानो. तम सवाल लिखो हो, बोलो नी. जिने हरायो उणी से सीखी लो.' म्हणजे ज्याने हरवलं त्याच्याकडूनच शिका. दुसरा कोणी असता तर अपमान मानून उठला असता. मामांनी पुढच्या रविवारी येताना वही आणली.

उस्तादांचा कारखाना म्हणजे एक लांबलचक खोली. मधोमध कापडाच्या मऊ घड्या अंथरलेलं टेबल, त्यावर ताणलेलं कापड, आणि दोन्ही बाजूंनी ओळीने उभे छपाईवाले. लाकडी ठसा रंगात बुडवायचा, कापडावर ठेवायचा आणि वरून मूठ मारायची. दहा-बारा जणांच्या मुठी एका लयीत पडायच्या आणि त्या लयीवर ती माणसं एकमेकांच्या खोड्या काढत माळवीतून कवनं करायची, हात न थांबवता. तिथे मामांना पहिल्यांदा कळलं की शब्द आधी तोंडातून यायला हवा आणि मग वहीत जायला हवा. त्यांनी माळवी शिकायला घेतली. आधी ती त्यांच्या तोंडात सरकारी हिंदीसारखी यायची, मग तिच्यात मराठी मिसळायला लागली, मग कचेरीतले 'मुलाहिजा', 'तकाजा', 'बदस्तूर' असले शब्दही यमकाला येऊन उभे राहायला लागले. 'अशी खिचडी भाषा कुठे असते का?' म्हणून आमच्या ओळखीतल्या एका शास्त्रीबुवांनी त्यांची टर उडवली. मामा म्हणाले, 'शास्त्रीजी, खिचडी काय फक्त बीमार लोकच खातात?' त्या खोलीतला एक दोष मात्र मामांना शेवटपर्यंत टाळता आला नाही. ऐकता ऐकता भान हरपून ते टेबलाच्या कडेला टेकायचे आणि ओल्या रंगाची बुट्टी धोतरावर उमटायची. किती बुट्ट्या उठल्या त्यावरून किती वेळ बसले होते ते मामी ओळखत. शेवटी कंटाळून त्यांनी एक आख्खं धोतरच उस्तादांकडे पाठवलं आणि निरोप दिला की असंतसं छापण्यापेक्षा नीट काठाने छापून द्या. मामा ते धोतर कचेरीत नेसून गेले.

अशी सहा-सात वर्षं गेली. मामा दर रंगपंचमीला परात घेऊन जायचे, दर वर्षी थोडे अधिक टिकायचे आणि शेवटी हरायचे. लोक आता त्यांना हसत नव्हते. चौकात शिरले की 'बाबूजी आया, परात लाया' असा गजर व्हायचा आणि मामा परात डोक्यावर धरून सगळ्यांना नमस्कार करायचे. मीसुद्धा सुरुवातीला नाक मुरडायची, ते सोडून चौकावरच्या गच्चीत बायकांच्या पहिल्या रांगेत बसायला लागले. सातव्या वर्षी तर मामा पंधरा सवाल लढले आणि फक्त एका जवाबात अडकले. त्या रात्री मामींना ते म्हणाले, 'पुढच्या वर्षी आणतो बघ.' आणि आम्हा सगळ्यांनाच ते खरं वाटलं.

पुढच्या वर्षी मात्र सगळीकडे एकच बोलणं सुरू झालं. मध्यभारत मोडणार, नवं राज्य होणार, राजधानी भोपाळ. देशात भाषांवरून प्रांत पाडायचं चाललं होतं आणि आम्हा उज्जैनच्या मराठी माणसांना आपण नक्की कोणाचे हा प्रश्न पडायलाही कोणी फुरसत दिली नाही. ग्वाल्हेर आणि इंदूर दोन्ही रुसले, आणि मामांच्या कचेरीतल्या निम्म्या टेबलांची रवानगी भोपाळला होणार असं ठरलं. मामांचं टेबल त्यात होतं. उज्जैन सोडून मामा कधी देवासच्या पलीकडे मुक्कामाला राहिले नव्हते. त्यांनी हुकूम वाचला, घडी करून खिशात घातला आणि न्हाणीघरात गेले. त्या दिवसापासून बादलीवर एकच चाल ऐकू यायला लागली. महिना, दीड महिना तीच चाल आणि तीच दोन कवनं, एक सवाल आणि एक जवाब. घासून-पुसून, शब्द फिरवून, पुन्हा पहिल्यापासून. मला स्वयंपाकघरात ती पाठ झाली. सवाल असा होता:

'रोज चले पण गाम नी छोड़े, असो मुसाफिर कोण?
बरस-बरस जो ऊबो डूबे, तो बी साबत, कोण?'

रोज चालतो पण गाव सोडत नाही असा प्रवासी कोण, आणि दर वर्षी उभ्या उभ्या बुडूनही शाबूत राहतो तो कोण? आणि त्याचा जवाब:

'सिपरा चाले, गाम नी छोड़े, घाट ऊबो रे पास;
जावा वालो जावे भलेई, ऊबा के रे आस.'

क्षिप्रा आणि तिचा घाट. जाणारा जाईना का, उभ्या राहिलेल्याला आशा असते. मामांनी आयुष्यात केलेलं हे सगळ्यात चांगलं कवन होतं. त्यात एकही मात्रा लांब नव्हती. हाच सवाल टाकून ते उस्तादांना गाठणार होते. अर्थात रविवारी भैरवगढला जाऊन त्यांनी तो उस्तादांना ऐकवलाही होता, कारण कवन चांगलं झालं की ते उस्तादांना ऐकवल्याशिवाय मामांना जेवण जात नसे. युद्धाची गुपितं शत्रूच्या घरी नेऊन त्याच्याच चहाबरोबर सांगणारा सेनापती जगात दुसरा झाला नसेल.

त्या रंगपंचमीला चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. बाबूजींची शेवटची दंगल, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मामा छापील धोतर नेसून परात घेऊन आले. समोर उस्ताद बसले, कोपरापर्यंत निळे हात, आणि शेजारी एका पाटावर खुंटीवरून काढून आणलेला हलवायाचा चंग. दोन तास दोघे असे लढले की पंचाने जांभई सुद्धा दिली नाही. ऊन कलायला लागलं तेव्हा उस्तादांची पाळी आली. त्यांनी घसा साफ केला, मामांकडे बघितलं आणि सवाल टाकला, 'रोज चले पण गाम नी छोड़े...'

मी मामींचा हात धरला. मामींनी माझा. मामांचाच सवाल उस्तादांनी मामांना घातला होता. ज्याचा जवाब मामांना झोपेत येत होता, तो. उस्तादांना बाबूजींना रित्या हाताने भोपाळला पाठवायचं नव्हतं, हे आम्हा दोघींना त्या क्षणी लख्ख कळलं. ठेका सुरू झाला. पहिलं आवर्तन. मामा बसल्या जागी हसले. दुसरं आवर्तन. मामांनी तोंड उघडलं, चंगाकडे बघितलं, उस्तादांकडे बघितलं आणि तोंड मिटलं. तिसरं आवर्तन संपलं. नियमाने तिथे ठेका थांबायला हवा होता, पण उस्तादांनी आपल्या वाजवणाऱ्याला हाताने खूण केली, चालू ठेव. चौथं झालं, पाचवं झालं. उस्ताद पुढे वाकून मामांना डोळ्यांनी जवळजवळ विनवत होते. मामांनी परात जमिनीवर पालथी ठेवली आणि हात जोडले. 'हार्या, उस्ताद,' ते म्हणाले.

उस्तादांना इतक्या वर्षांत कोणी रागावलेलं पाहिलं नव्हतं. ते ताडकन उठले. 'बाबू साब, यो तो तमारो ही सवाल थो!' चौक गलबलला. पंचाला काहीच कळेना. मामा आपले धोतर झटकत होते. टांग्यातून घरी येताना मला राहवलं नाही. 'मामा, उत्तर येत होतं तुम्हाला. मला सुद्धा येतं.' मामा परातीवर बोटं वाजवत म्हणाले, 'येत तर होतं सूनबाई. पण चंग घेऊन भोपाळला गेलो, की मग उज्जैनला येऊन मी काय करू? सुट्टी तरी कोणत्या कारणाने मागू?' मामी समोर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, 'बरं केलंत,' आणि पदराने परात पुसायला लागल्या.

ते भोपाळला गेले आणि दर वर्षी त्यांचा रजेचा अर्ज ठरलेला. 'चंग छुड़ाने हेतु चार दिन का अवकाश.' जबलपूरकडून आलेल्या नव्या साहेबांना चंग म्हणजे मामांचा कोणी तुरुंगात पडलेला नातलग वाटला आणि त्यांनी सहानुभूतीने 'ज़मानत नहीं हो रही क्या?' असं विचारलं होतं. मामा म्हणाले, 'नहीं साहब, हर साल खारिज.' मग मामा-मामी गाडीने उज्जैनला उतरत, परातीसकट. मामा आमच्या घरी आंघोळ करत, भैरवगढला जाऊन चंग पाहून येत, उस्तादांशी भांडून येत आणि रंगपंचमीला हरत. हरण्यात त्यांनी पुढे पुढे इतकी प्रगती केली की जवाबाचा अर्धा भाग सुंदर गाऊन ते उरलेल्या अर्ध्यात अडकायचे, आणि लोकांना हळहळ वाटायची. उस्तादही हट्टाला पेटलेले. दर वर्षी सोप्यातला सोपा सवाल काढून आणायचे. एका वर्षी तर त्यांनी 'रात ने उगे, दन में छुपे, गोळ-गोळ कई चीज?' असा लहान पोरांचा सवाल टाकला. मामांनी कपाळाला हात लावून पाच आवर्तनं विचार केला आणि हरले. एकाला जिंकायचं नाही, दुसऱ्याला हरवायचं नाही, आणि सगळं उज्जैन टाळ्या वाजवतंय, अशी ती दंगल किती तरी वर्षं चालली. मी आयुष्यात इतकी कधी हसले नाही.

मग एका हिवाळ्यात उस्ताद गेले. मामा तेव्हा निवृत्त होऊन भोपाळलाच राहिले होते. चाळिसाव्या दिवसाचं झाल्यावर उस्तादांचा मुलगा चंग कापडात बांधून भोपाळला घेऊन गेला. 'अब्बा बोल्या था, बाबूजी को दे देजो.' मामांनी त्याला जेवू घातलं आणि चंग परत बांधून त्याच्या हातात दिला. 'हरलेला चंग असा घेत नसतात बेटा. टांगून ठेव. मी येतो.' रंगपंचमीला ते आले. समोर उस्तादांच्या जागी मुलगा बसला. त्याने बापाचाच, म्हणजे मामांचाच, तो जुना सवाल टाकला. मामा उठले. गुडघ्याला हात लावून, सावकाश. पहिल्याच आवर्तनात त्यांनी जवाब गायला, आख्खा, 'ऊबा के रे आस'पर्यंत. इतक्या वर्षांनी चौकात तो पहिल्यांदाच ऐकू आला. एकही मात्रा चुकली नाही. मुलाने चंग दोन्ही हातांनी पुढे केला. मामांनी तो छातीशी धरला आणि सगळ्या चौकासमोर ते हुंदके देऊन रडले. मला वाटलं, संपलं आता.

पुढच्या रंगपंचमीच्या आदल्या दिवशी दाराशी टांगा थांबला. मामा उतरले, काखेत चंग. मामी मागून परात घेऊन. मी म्हटलं, 'मामा, चंग तर तुमच्याकडे आहे. यंदा कशाला?' मामा म्हणाले, 'हरायला आलोय सूनबाई. चाय ठेवून द्या.' आणि ते दुसऱ्या दिवशी जाऊन पहिल्याच सवालाला उस्तादांच्या मुलाकडून रीतसर हरून आले, चंग भैरवगढला पोचवून, अंगभर गुलाल घेऊन, खूश.

मामा गेले तेव्हा चंग भैरवगढलाच होता, त्याच खुंटीवर. आमच्या घरातल्या कोणीही तो परत आणला नाही. ब्रुसेल्सच्या त्या गल्लीत त्या दोन पोरांपैकी एक जण मध्येच गप्प झाला, आणि लोकांनी त्याची हुर्यो उडवली. माझ्या नातीला वाटलं, त्याला सुचलं नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, मला तसं वाटलं नाही. आता मी उज्जैनला राहत नाही, पुण्याला मुलाकडे असते, आणि इथे सगळं आहे. तरी दर वर्षी होळी पेटली की मला आतून वाटायला लागतं की आपलं काहीतरी तिकडे अडकून राहिलंय, एकदा जाऊन यायला हवं. मग मी मुलाला तिकिटं काढायला सांगते. तो विचारतो, काय काम आहे? मी सांगते, चंग सोडवायचाय.